हौसाची वही

गोठ्यात गाय उरली नव्हती, म्हणून हौसा आली,
असं हे आल्यागेल्याला सांगतात.
खरं म्हणजे कुडाळच्या तिरोडकर डॉक्टरांकडे
यांचा जीव पहिल्याच फेरीत अडकला होता.
तीन महिन्यांची, करड्या रंगाची,
पंजे असे, की थोरल्या भावाचे बूट
घालून आलीय.

ग्रेट डेन. जामसंड्यात कुणाच्या तोंडी बसेना.
शेजारच्या अनसूयाकाकी कुंपणावरून ओरडायच्या,
"गो, तुमची घोडी माज्या अळवात झोपलीहा!"

वर्षभरात ती दाराएवढी झाली.
शेपटीनं चार बश्या फोडल्या, एक लामणदिवा.
आम्ही पाटावर जेवायला बसलो
की ती उभ्याउभ्या आमच्याकडे वरून बघायची,
सासूसारखी.

आंबापेट्यांची जुनी वही मी उलटी केली
आणि मागच्या पानावरून तिचा हिशेब सुरू केला.
नऊ डिसेंबर, नर टेंपोतून आणला.
अकरा डिसेंबर, पुन्हा.
त्रेसष्ट दिवस. बांगड्याची डोकी, नाचणीची आंबील,
आणि पोट असं, की पडवीची पायरी
ती विचार करून चढायची.

यांनी फळ्यांची मोठी पेटी केली होती, आत वाळलेलं गवत.
हौसा त्या रात्री तिच्यात गेलीच नाही.
माझ्या जुन्या लुगड्यांचं गाठोडं तिनं पंजांनी उसकलं
आणि भाताच्या कणगीमागे
पहाटेपर्यंत अकरा.
नववं श्वास घेईना. मी टॉवेलात घासलं, उलटं धरलं,
त्याच्या नाकात फुंकत राहिले,
तेव्हा ते शिंकलं. शिंकलं, एवढंच.
"आमच्या गायीक दोन वर्सां एक होईना,"
काकी दारातून म्हणाल्या, "आणि हिका अकरा!"

गळ्यात रंगीत लोकर बांधली, ओळखायला.
मासळीच्या तागडीत एकेकाला तोललं.
चौथ्या रात्री हौसा कुशीवर वळली.
जांभळी लोकर खाली होती.
तिला कळलंच नाही, इतकं तिचं वजन.
सकाळी तिनं ते नाकानं
माझ्या पायापाशी सरकवलं,
जसं काही मी ते दुरुस्त करीन.
कोकमाखाली पुरलं.
वहीत अकरावर रेघ मारायची होती.
अजून मारलेली नाही.

वानरांनी त्या साली कैऱ्या लुटल्या,
म्हणून बागवाल्यांची रीघ लागली.
दोन महिन्यांत दहाही गेली.
शिंकलेलं ते, पिवळ्या लोकरीचं,
कुणकेश्वरच्या बाबल्या पारकरांनी नेलं.
केतकी खोलीबाहेर आली नाही.
हौसा कणगीमागे बघून यायची, मग पेटीत,
मग परत कणगीमागे.
तिचं दूध दाटलं. मी एरंडाची पानं शेकून लावली,
केतकीला तोडली तेव्हा
मला लावली होती तशीच.

पुढच्या पाळीला यांनी कुडाळला फोन फिरवला.
मी म्हटलं, नाही.
म्हणाले, पारकरांचा बयाणा घेतलाय, आणखी एक हवाय त्यांना.
पैसे तर नळ्यांवर गेले होते, छपराच्या.
मग पाच पेट्या हापूस, निवडून, गवतात घालून,
मी स्वतः रिक्षातून पोचवल्या.
दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी हौसाला समुद्रावर घेऊन गेले.

आता ती सात वर्षांची. या जातीत सात म्हणजे म्हातारी.
तोंड पांढरं झालंय.
वहीत तिच्या एकटीचं वजन लिहिते.
बावन्न. पन्नास. सत्तेचाळीस.

परवा कुणकेश्वरला गेले होते.
पारकरांच्या गडग्यावर हनुवटी टेकून तो उभा होता,
केवढा झाला होता!
मला ओळखलं नाही. का ओळखावं?
पदर हुंगला, लाळ लावली,
आणि वानरांकडे बघत बसला.

घरी आले तर हौसा उठली, सावकाश,
मागचे पाय आधी सावरून,
आणि पदराच्या त्या एकाच कोपऱ्याशी
बराच वेळ नाक लावून राहिली.
चूल पेटवायची होती.
मी उभीच होते.